आठ टक्क्यांची बाजू

मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसे कुठे साठवावेत, या प्रश्नाला शहरी मराठी मध्यमवर्गात आता जवळजवळ एकच उत्तर मिळते. वर्तमानपत्रांच्या अर्थपुरवण्या, गुंतवणूक सल्लागार, सोसायटीच्या सभागृहातली रविवारची व्याख्याने, सगळ्यांचा सूर एकच: शिक्षणाचा खर्च वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी वाढतो, सरकारी अल्पबचत योजना सात-आठ टक्के देतात, तेव्हा मुलींसाठीच्या सुकन्या समृद्धी खात्यात किंवा पीपीएफमध्ये पैसे ठेवणारा दरवर्षी थोडाथोडा मागे पडतो. यावर उपाय म्हणजे समभागांच्या म्युच्युअल फंडातली एसआयपी, म्हणजे ठरावीक काळाने ठरावीक रकमेची गुंतवणूक. या मांडणीत पोस्टाच्या खिडकीशी उभा राहणारा बाप एक तर अडाणी ठरतो, नाही तर भित्रा.

हे मत खोडण्याआधी त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मुलाच्या नावाने विमा आणि बचत एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचा परतावा किती तुटपुंजा असतो, हे याच मंडळींनी आकडे मांडून दाखवले. चार तोळे सोने घेऊन ठेवले की शिक्षणाची सोय झाली, ही समजूतही त्यांनीच सैल केली. दीर्घ मुदतीत समभागांचा परतावा ठेवींपेक्षा जास्त असतो, हा त्यांचा मूळ दावाही बव्हंशी खरा आहे. माझा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. शिक्षणाच्या बचतीत सरकारी योजनांना जागा नाही, असे त्या दाव्यातून निघत नाही. त्यांना पहिली जागा द्यावी लागते आणि तीही मूल लहान असतानाच, असे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

या मताचे, म्हणजे पूर्वपक्षाचे, आधार तीन. एक, शिक्षणाची महागाई. दोन, समभागांचा सरासरी परतावा. तीन, सरकारी योजनांत पैसे अडकून पडतात ही तक्रार. क्रमाने पाहू.

शिक्षणाची महागाई दहा-बारा टक्के, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते कुठल्या शिक्षणाबद्दल आहे, हे कोणी विचारत नाही. आयआयटीचे उदाहरण घ्या. बी.टेक.चे वार्षिक शिक्षण शुल्क २०१३ मध्ये ५० हजारांवरून ९० हजार झाले आणि २०१६ मध्ये ९० हजारांवरून थेट २ लाख. त्यानंतर २०२४ पर्यंत ते २ लाखांवरच राहिले. म्हणजे १९९८ साली जन्मून २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीत दाखल झालेल्या मुलाने आणि २००६ साली जन्मून २०२४ मध्ये आलेल्या मुलीने शिक्षण शुल्क सारखेच भरले. सरासरी काढली तर वाढ मोठी दिसते, हे कबूल. पण ही वाढ चढणीसारखी नाही, जिन्यासारखी आहे: दोन उंच पायऱ्या आणि मग लांब सपाट जागा. शिवाय कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर हे शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनाही पूर्ण माफ. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांची 'शिक्षणाची महागाई' वेगळी असते.

महाराष्ट्रात हा फरक आणखी ठळक आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आणि ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. दुसऱ्या टोकाला वैद्यकीय शिक्षण पाहा. सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, तर अभिमत विद्यापीठात ती वीस लाखांच्याही पुढे जाते. ही दरी महागाईने पडलेली नाही. जागा कुठे मिळाली, यावर ती ठरते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत काही गुण कमी पडले म्हणून खर्च पंधरा पटींनी वाढत असेल, तर आठ टक्के आणि बारा टक्के यांच्यातला फरक तो खड्डा भरू शकत नाही. तिथे कर्ज लागते, जमीन विकावी लागते किंवा मार्ग बदलावा लागतो. त्या खर्चाचा दाखला देऊन सरकारी योजनेला नापास करणे म्हणजे तिला न विचारलेल्या प्रश्नाचे गुण कापणे होय.

मग बहुतेक घरांना हमखास लागणारा खर्च कोणता? लातूर, नांदेड किंवा जळगावहून पुण्याला आलेल्या मुलीच्या आईवडिलांना विचारा. फीच्या बरोबरीने, आणि माफी मिळालेली असेल तर फीपेक्षा कितीतरी जास्त, पैसा कॉट बेसिसच्या खोलीवर, मेसच्या डब्यावर, लॅपटॉपवर, सुट्टीतल्या एसटीच्या भाड्यावर जातो. हा खर्च धान्य, भाडे आणि इंधन यांच्या मागोमाग, म्हणजे साधारणपणे सर्वसामान्य महागाईच्या चालीने वाढतो. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्याने ४ टक्के महागाईचे लक्ष्य दिलेले आहे, वरखाली दोन टक्क्यांच्या मुभेसह. या खर्चाशी आठ टक्के करमुक्त व्याज आरामात जुळते, वर थोडे उरतेही.

इथेच एक उलटा गैरसमजही खोडायला हवा. घरातली वडीलधारी माणसे हळहळतात: पूर्वी पीपीएफला बारा टक्के मिळायचे, आता काय राहिले आहे? १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफचा दर १२ टक्के होता, हे खरे. पण १९९१ आणि १९९८ या दोन्ही वर्षी किरकोळ महागाई तेरा टक्क्यांच्या पुढे होती. त्या वर्षांत पासबुकावरचे बारा टक्के प्रत्यक्षात उणे होते. नुसता दर पाहून सुख किंवा दुःख करण्यात अर्थ नाही. महागाई वजा जाता काय उरते, ते पाहायचे.

आता दुसरा आधार, सरासरी परतावा. इथे आकडेमोड टाळता येणार नाही. मुलीच्या जन्मापासून दरवर्षी सुरुवातीला ६० हजार रुपये, असे १५ वर्षे भरले, एकूण ९ लाख, आणि नंतर काही भरले नाही. सुकन्याचा जानेवारी २०२४ पासूनचा ८.२ टक्के दर कायम धरला, तर ती अठरा वर्षांची होते तेव्हा खात्यात सुमारे २२ लाख ७० हजार जमतात. दर घसरून सगळा काळ ७.६ टक्केच मिळाला, तर सुमारे २१ लाख २० हजार. हीच रक्कम, याच क्रमाने समभाग फंडात भरून वर्षाला १२ टक्के मिळाले, तर सुमारे ३५ लाख होतात. पूर्वपक्षाची सगळी भिस्त या साडेबारा लाखांच्या फरकावर आहे.

फरक खराच आहे, पण त्यावर दोन वजावटी आहेत. पहिली करांची. जुलै २०२४ पासून समभाग फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्याला, वर्षाला सव्वा लाखाच्या सवलतीपलीकडे, १२.५ टक्के कर लागतो. ३५ लाख एकदम काढले, तर सुमारे तीन लाख करापोटी जातील. सुकन्या आणि पीपीएफ यांचे व्याज मात्र नव्या कररचनेतही करमुक्त आहे. त्या रचनेत गेली ती फक्त भरताना मिळणारी ८० सीची वजावट.

दुसरी वजावट तारखेची, आणि ती अधिक महत्त्वाची. बारा टक्के ही अनेक वर्षांची सरासरी आहे, आणि कॉलेजच्या फी-खिडकीवर सरासरी स्वीकारली जात नाही. तिथे त्या आठवड्यातली फंडाची किंमत चालते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही काळ ८ हजारांच्याही खाली आला. पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. घर घ्यायचे दोन वर्षे लांबवता येते, निवृत्तीही ओढूनताणून पुढे ढकलता येते. बारावी झालेल्या मुलाला बाजार सावरेपर्यंत घरी बसवता येत नाही. आणि पडझड दोन वर्षांतच भरून निघेल, याची तरी खात्री कुठे आहे? एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता या शेअर दलालाचा घोटाळा फुटायच्या सुमारास, सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता. लाभांश सोडला, तर अकरा वर्षे निर्देशांकाने काहीच दिले नाही. अकरा वर्षे म्हणजे पहिलीपासून अकरावीपर्यंतचे शिक्षण.

चलाख पूर्वपक्षी इथे म्हणेल: तुमच्याच आकड्यांवरून पाहा, ३५ लाख शेवटच्या वर्षी ४० टक्क्यांनी पडले, तरी २१ लाख राहतात, म्हणजे जवळपास सुकन्याइतकेच. वाईटात वाईट झाले तरी बरोबरी, मग भीती कशाची? हा प्रश्न चांगला आहे. पण त्यात आधीची सगळी वर्षे बारा टक्के मिळालेच, असे गृहीत धरले आहे. तिथे दहा टक्के मिळाले, तर अठराव्या वर्षी सुमारे २८ लाख होतात आणि ४० टक्क्यांच्या घसरणीनंतर १७ लाखांच्याही आत येतात. या हिशोबावरून समभाग टाळावेत, असे मी म्हणत नाही. वाईट वर्षात ते कितीवर येऊन थांबतील, हे मात्र आधी सांगता येत नाही. सुकन्याच्या बाबतीत दर ८.२ राहिला काय नि ७.६ झाला काय, अठराव्या वर्षीचा फरक दीड लाखाचा. ज्याला हमखास खर्चाची तरतूद करायची आहे, त्याला ही अंदाज बांधता येण्याची सोय विकत घेण्याजोगी आहे.

यावर पूर्वपक्षाचे ठरलेले उत्तर असते: शेवटची तीन वर्षे राहिली की पैसे समभागांतून काढून सुरक्षित ठिकाणी हलवा. सल्ला शहाणपणाचा आहे, आणि नेमका इथेच तो पूर्वपक्षाचा घात करतो. एक तर त्याने मान्य केले, की सुरक्षित भाग लागतोच. दुसरे म्हणजे हलवायचे कुठे, हा प्रश्न तो टाळतो. मुलगी पंधरा वर्षांची झाली आहे आणि फंडात २५ लाख आहेत, असे समजा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाही, आणि पालकाचे स्वतःचे खाते व अज्ञान मुलाचे खाते मिळून ही मर्यादा एकच आहे. सुकन्या खाते तर मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावे लागते, आणि त्यातही वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा. तेव्हा ही रक्कम जाणार बँकेच्या मुदतठेवीत किंवा कर्जरोख्यांच्या फंडात. ठेवीचे व्याज करपात्र आहे, आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोखे फंडाच्या नफ्यावरही आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सात टक्क्यांची ठेव कर व उपकर वजा जाता पाच टक्केही देत नाही. त्याच माणसाला करमुक्त ८.२ टक्क्यांची बरोबरी करायची, तर जवळजवळ बारा टक्क्यांची ठेव शोधावी लागेल. ज्याला करच लागत नाही, त्याच्यासाठी ही तफावत कमी होते. तरी आठ टक्क्यांच्या आसपासचा सरकारी हमीचा दर त्याला बँकेत सहसा मिळत नाही.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण चर्चेत ती क्वचितच येते. समभागांतला भाग केव्हाही सुरू करता येतो, वाढवता येतो, थांबवता येतो. सरकारी योजनेतला भाग मात्र सावकाशीनेच उभा राहतो, कारण वार्षिक मर्यादा आणि वयाची अट त्याला घाईने उभा राहू देत नाही. ज्याने 'आधी वाढ, मग सुरक्षितता' असा क्रम लावला, त्याला सुरक्षिततेची वेळ येते तेव्हा तिचा सर्वात चांगला प्रकार मिळेनासा झालेला असतो.

तिसरा आधार, पैसे अडकतात ही तक्रार. अडकतात हे खरे, आणि शिक्षणाच्या पैशाच्या बाबतीत ते हिताचे आहे. या पैशाला सर्वात मोठा धोका बाजाराचा नसतो, घराचाच असतो. धाकट्या भावाचे लग्न, गावाकडच्या घराचे पत्रे, दुकानातला अडलेला माल, चारचाकीचा हप्ता, प्रत्येक वेळी 'नंतर भरू' म्हणून मोबाइलवरून विकता येणारे युनिट विकले जातात. सुकन्या खात्यातून मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, आधीच्या आर्थिक वर्षअखेरीच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. तीही शिक्षणसंस्थेचा प्रवेश किंवा फीची पावती दाखवून, लागेल तेवढीच, एकदम किंवा वर्षाला एक अशा पाच हप्त्यांत. उरलेली रक्कम खाते उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मिळते. वरच्या उदाहरणात अठराव्या वर्षी पदवीसाठी सुमारे सव्वाअकरा लाख आणि एकविसाव्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणासाठी सव्वाचौदा लाखांच्या वर, अशी विभागणी आपोआप होते. अठराव्या वर्षापासून खात्याचा व्यवहार मुलगीच पाहते. पीपीएफलाही एक संरक्षण आहे, जे धंदा करणाऱ्या घरांनी विसरू नये: कर्जवसुलीच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकमानेही त्या खात्यावर जप्ती येत नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांचे खंडन. सरकारी योजनांचे भक्त जे सांगतात, त्यातही असत्य पुष्कळ आहे. '८.२ टक्के, २१ वर्षांची हमी' हा त्यांचा लाडका दावा. मुद्दल आणि जमा झालेले व्याज यांना हमी आहे, दराला नाही. दर प्रत्येक तिमाहीला जाहीर होतो आणि नवीन दर आधीच्या सगळ्या शिलकीला लागू होतो. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतला योजना सुरू झाली तेव्हा दर ९.१ टक्के होता, २०१५-१६ मध्ये ९.२ झाला, एप्रिल २०२० मध्ये ७.६ वर उतरला, आणि मग चढत जानेवारी २०२४ मध्ये ८.२ वर आला. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर थांबला आहे. ३१ मार्च २०२१ रोजी सरकारने सुकन्याचा दर ६.९ आणि पीपीएफचा ६.४ टक्के केल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. त्या एका रात्रीतून दोन्ही गोष्टी कळतात: दर सरकारच्या हातात आहे, आणि तो खाली आणणे सरकारला राजकीयदृष्ट्या सोपे नाही. ठरलेल्या सूत्राप्रमाणे समान मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या दराहून सुकन्याला पाऊण टक्का आणि पीपीएफला पाव टक्का जास्त मिळायला हवा. रोख्यांचे दर कायमचे खाली आले, तर आज ना उद्या हेही येतील.

उणिवा आणखीही आहेत. अकरावी-बारावीच्या खासगी क्लासची लाखालाखाची फी अठरा वर्षांच्या आधीच येते, आणि क्लासची पावती ही शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाची पावती नव्हे. त्या खर्चासाठी पोस्टाची किंवा बँकेची आवर्ती ठेव वेगळी ठेवावी लागते. नऊ वर्षांच्या मुलीचे खाते उघडले, तर ते मुदत पूर्ण होईपर्यंत ती तिशीला टेकते. अठरानंतर लग्न ठरले, तर त्या कारणानेही खाते बंद करण्याची मुभा आहे. शिक्षणासाठी निम्मीच रक्कम आणि लग्नासाठी मात्र सगळी, ही योजनेतली विसंगती धोरणकर्त्यांनी अजून दूर केलेली नाही. मुलग्यांसाठी तर अशी योजनाच नाही. त्यांना पीपीएफचा कमी दर. आणि एका कुटुंबात, जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडला तर, दोनच मुलींची खाती.

या उणिवा मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही, फक्त त्याला मर्यादा पडते. मंडन असे: उच्च शिक्षणाच्या खर्चाचे दोन भाग करावेत. महाराष्ट्रातल्या सरकारी वा अनुदानित महाविद्यालयाची पदवी, तिथले राहणे-जेवण आणि साधने, हा हमखास भाग. तो मुलीसाठी सुकन्यात, मुलासाठी पीपीएफमध्ये, जन्मानंतर लवकरात लवकर सुरू करून, जमेल तेवढ्या रकमेने भरावा. सुकन्यात वर्षाला २५० रुपये भरले तरी खाते चालू राहते. अभिमत विद्यापीठ, परदेश, महागडे एमबीए हा वाढीव भाग. त्यासाठी समभाग फंडच योग्य, कारण तिथे तारीख थोडी सरकवता येते, शिष्यवृत्ती मिळू शकते आणि शैक्षणिक कर्जाची जोडही देता येते. हमखास भाग भरून उरलेली बचतच या वाढीव भागाकडे जावी.

पोस्टाची बाजू मांडायला फारसे कोणी पुढे येत नाही, याचे एक कारण व्यवहारी आहे. पीपीएफवरचे एजंटांचे कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद झाले आणि सुकन्यावर ते नाहीच. यावरून फंड सुचवणारा सल्लागार लबाड ठरत नाही; त्याचे मत त्याच्या गुणावरच तोलावे. पण ज्या मताला व्यासपीठ मिळत नाही, ते चुकीचे असते, असेही नाही.

शेवटी क्रमाचा प्रश्न उरतो, कारण दोन्ही भाग पूर्ण भरण्याइतका पगार फार थोड्या घरांत येतो. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत सुकन्या खाते निवडता येते. अकराव्या वर्षी ते कितीही पटले तरी उघडता येत नाही. एसआयपी अकराव्या वर्षीही सुरू होते, पंधराव्या वर्षीही. दोहोंत आधी काय सुरू करायचे, हे ठरवायला एवढे कारण पुरेसे आहे.